सालीत रंगवलेला पडदा

पडद्याचं कापड विकणारा माणूस ते नेहमी डोळ्याला लावून दाखवतो आणि म्हणतो, "बघा बाई, आरपार दिसतं." डोळ्याला चिकटवलं की गोणपाटातूनही दिसतं. कापड खिडकीला लावायचं असतं, नाकाला नाही. एवढी गोष्ट कळायला माझा एक अख्खा उन्हाळा गेला.

मी ठाण्याची. मुलींच्या शाळेत मराठी चौथ्या पुस्तकापर्यंत शिकले, मग लग्न झालं आणि कल्याणला आले. कल्याणला आगगाडी येऊन बरीच वर्षं झाली होती. घराघरांतून एक तरी माणूस रेल्वेत नाहीतर कचेरीत असे. आमचे हे मामलेदार कचेरीत कारकून. मामंजी त्याच कचेरीतून पेन्शन घेऊन घरी बसलेले. सासूबाई, मामंजी, हे आणि मी, एवढीच माणसं घरात. मला मूलबाळ तोवर झालं नव्हतं, आणि त्याबद्दल घरात रोज कोणी ना कोणी काहीतरी बोले.

आधीच्या पावसाळ्यात सासूबाई विहिरीच्या काठावर शेवाळावरून घसरल्या. खुबा मोडला. हाडवैद्याने बांधलं, पण पाय काही सरळ झाला नाही. तेव्हापासून त्या अंथरुणात. त्यांना पश्चिमेच्या खोलीत ठेवलं. ती बाळंतिणीची खोली, एरवी रिकामीच असे. पुरुषमाणसं त्या खोलीत शिरत नसत. बोलायचं झालं तर उंबऱ्याबाहेर उभं राहून बोलत. सासूबाई तिथे गेल्यावरही मामंजींनी ती रीत सोडली नाही. सकाळी एकदा उंबऱ्यापाशी येऊन "काय, बरं आहे ना?" म्हणत आणि उत्तराची वाट न बघता जात.

त्या खोलीला रस्त्याकडे तीन हात रुंद खिडकी होती, लाकडी गजांची. सासूबाईंची खाट तिला लागून. खाडीवर कोण चाललं, ठेसनावर कोण, कोणाची लेक सासरहून चार दिवसांत परत आली, कोणाच्या पालखीला भोई कमी पडले, सगळं त्यांना तिथून दिसे. दोन वेळचं जेवण एक वेळ चुकलं तरी चाललं असतं, पण खिडकी नाही.

खरं सांगायचं तर माझाही त्यात फायदा होता. खिडकी मिळण्याआधी त्या आठ दिवस माजघरात होत्या, तेव्हा त्यांची नजर माझ्यावर असे. आमटीला फोडणी दिली की तिथून ओरडत, "मोहरी जळली!" पाणी भरायला गेले तर किती वेळ लागला ते सांगत. खिडकीजवळ गेल्यावर त्या रस्त्याची झडती घेऊ लागल्या आणि मी सुटले.

फाल्गुनात समोरच्या रिकाम्या जागेवर बांधलेली माडी पुरी झाली. बुटकी माडी, पुढे लाकडी सज्जा, सज्जा कसाबसा पुरुषभर उंचीवर. रेल्वेच्या मालगोदामातला एक कारकून तिथे भाड्याने राहायला आला. देशावरचा होता, बायको-मुलं गावी. आठ-दहा दिवस गेले आणि एका दुपारी मामंजींनी ओटीवरून जाहीर केलं, "समोरचा माणूस आमच्या खिडकीकडे टक लावून बघतो. अक्षय तृतीया झाली की गवंडी बोलावतो. खिडकी विटांनी बुजवून टाकायची."

सासूबाईंनी आतून ऐकलं. त्या दिवशी जेवल्या नाहीत. ताट परत न्यायला गेले तर म्हणाल्या, "विटा आणाल तेव्हा दोन-चार जास्त आणा म्हणावं. मलाही आत घालून बुजवा."

"मी कशी सांगू? मी त्यांच्याशी बोलते का?" मी म्हणाले. सुनेने सासऱ्याशी समोरासमोर बोलायची रीत नव्हती.

"नवऱ्याशी तर बोलतेस ना? का तिथेही दातखीळ?"

हा त्यांचा विनंती करण्याचा प्रकार.

मला आधीपासून संशय होता. माणूस टक लावून बघतो म्हणजे कधी बघतो ते मीही बघायचं ठरवलं. चार दिवस दाराच्या फटीतून त्याच्यावर नजर ठेवली. तो सकाळी मान खाली घालून जाई, चारच्या सुमारास मान खाली घालून येई. एकदा मी अंगणात वाळत घातलेलं लुगडं काढत होते तर त्याने चक्क तोंड भिंतीकडे फिरवलं आणि ठेचकाळला. असला माणूस टक लावून बघणारा नव्हे. मग मामंजींनी कोणाला बघितलं? की कोणालाच नाही, आणि खिडकी दुसऱ्याच कशासाठी बुजवायची आहे? मी हे कोणाला बोलले नाही. सुनेने असलं बोलायचं नसतं, आणि शिवाय पुरावा नव्हता.

ह्यांच्याकडून निरोप गेला. उन्हाचा त्रास पुढे केला, कारण तो खराच होता. दुपारी दोनपासून ऊन खिडकीतून थेट खाटेवर येई आणि सूर्य समोरच्या माडीआड जाईपर्यंत तीन तास सासूबाई भाजून निघत. खिडकीची दारं लावली तर ऊन थांबे, पण वारा जाई आणि खोलीत रात्रीसारखा काळोख होई. म्हणून कापडाचा पडदा लावू, ऊन अडेल, बाहेरच्याला दिसणार नाही, विटांचा खर्च वाचेल, असं ह्यांनी घाबरत घाबरत सांगितलं.

मामंजी म्हणाले, "लावा. पण मी स्वतः रस्त्यावर उभा राहून बघणार. आतलं तीळभर दिसलं तर गवंडी."

म्हणजे ऊन अडायला हवं, बाहेरून आत दिसायला नको आणि सासूबाईंना आतून रस्ता दिसायला हवा. तिसरी गोष्ट मामंजींना सांगितलीच नव्हती. त्यांच्या समजुतीने पडदा म्हणजे कापडाची भिंत.

पहिल्यांदा बुरुडिणीकडून बांबूच्या काड्यांचा पडदा, चीक, आणला. ऊन छान अडलं. पण वारा आला की तो खडखडा वाजे, आणि काड्यांमधून सासूबाईंना माणसांचे तुकडे दिसत. "पगडी दिसते तर तोंड नाही, तोंड दिसतं तर पाय नाही," त्या कुरकुरल्या. "माणूस आहे की केळीची फणी?" शिवाय बाहेरूनही त्याच फटींतून आत दिसे. चीक स्वयंपाकघराच्या दाराला गेला.

मग कोणी सुचवलं म्हणून वाळ्याची ताटी. पाणी मारलं की गार वारा, सुगंध, सगळं कौतुक झालं. सासूबाईंनी दोन दिवस कळ काढली. तिसऱ्या दिवशी म्हणाल्या, "तुम्ही मला देवळाच्या गाभाऱ्यात ठेवलंय का? वास येतो, दिसत काही नाही." ताटीही निघाली.

मग भिवंडीचा विणकर आला. तो महिन्याला एकदा गाठोडं घेऊन आमच्या रस्त्याने फिरे. मी दाराआडून, तो पायरीखाली.

"खिडकीला लावायचं आहे," मी म्हणाले. "आतून दिसायला पाहिजे, बाहेरून नको."

"मग मलमल घ्या बाईसाहेब. ही बघा." त्याने पांढरी मलमल डोळ्यांवर धरली. "तुमच्या दारावरची कडीसुद्धा दिसते मला."

"मग बाहेरच्यालाही आमची कडी दिसेल."

"नाही ना. मलमलीची जादूच तशी आहे. एका बाजूने दिसतं, एका बाजूने नाही."

"कोणत्या बाजूने?"

त्याने मलमल उलटीसुलटी करून पाहिली. "तुम्ही असाल त्या बाजूने," तो म्हणाला.

मला त्याचं बोलणं पटलं नाही, पण कापड घेतलं. दुसऱ्या दिवशी मलमल खिडकीला ताणून लावली. दुपारी ऊन तिच्यावर पडलं आणि सगळी खिडकी दुधासारखी पांढरी झाली. सासूबाईंनी डोळे मिटून घेतले. "डोळ्यांत चुना घातल्यासारखं होतंय. रस्ता कुठे गेला?"

तेव्हा आम्ही परीक्षेची एक पद्धत ठरवली होती. सकाळी मी दारापुढे सडा घालायला बाहेर जाई. आत सासूबाई पडद्यामागे हात वर करत आणि बोटं दाखवत. मी सडा घालता घालता खिडकीकडे बघून हळूच सांगे, "तीन."

आतून आवाज येई, "चार होती. चांगलं आहे. आता?"

"दोन."

"दोनच. शी! अजून दिसतं."

सकाळी खोटं पडे ते दुपारी खरं ठरे आणि उलटंही होई, म्हणून दुपारीही बाहेर जाणं भाग होतं. दुपारी सडा कोणी घालत नाही. मी वाटी घेऊन शेजारी विरजण मागायला जाऊ लागले. शेजारीण चौथ्या दिवशी म्हणाली, "अगो, तुमच्याकडे दही लागतच नाही का? दूध तरी कसलं घेता?" पाचव्या दिवसापासून ती आमच्या गवळ्याकडे संशयाने बघू लागली.

मलमल दुहेरी करून पाहिली, मग पंच्याचं जाड कापड पाहिलं, मग ताक गाळायचं विरळ फडकं. सगळ्यांची तीच तऱ्हा. पांढऱ्या कापडावर ऊन पडलं की ते स्वतःच पेटल्यासारखं उजळे आणि त्याच्या पलीकडचं काही दिसत नसे. जाड घेतलं तर अंधार, पातळ घेतलं तर डोळे दिपणार.

अक्षय तृतीयेला पंधरा दिवस उरले होते. मामंजींनी विटांची पहिली खेप अंगणात आणून टाकली होती. सासूबाई माझ्याशी नीट बोलू लागल्या होत्या, यावरून त्या किती घाबरल्या होत्या ते समजा.

एका दुपारी मी चुलीवरून भाताचं भांडं उतरवलं आणि भांडं धरायचं फडकं हातात तसंच घेऊन त्यांच्या खोलीत गेले. पांढऱ्या फडक्याचे दोन सारखे तुकडे मी केले होते. एक ताक गाळायला, एक चुलीपाशी. चुलीपाशी राहिलेला धुराने आणि काजळीने पार काळा झाला होता. ऊन तोंडावर येत होतं म्हणून मी तो डोळ्यांसमोर धरला. आणि समोरच्या माडीच्या कौलांची ओळ न् ओळ दिसली. सज्ज्यावर बसलेला कावळा दिसला. त्याची चोच दिसली.

मी ताक गाळायचा तुकडा आणून तसाच धरला. पांढरा उजेड, कावळा गायब. पुन्हा काळा धरला, कावळा हजर.

"काय माकडचाळे चालवलेस?" सासूबाईंनी विचारलं.

मी काळा तुकडा त्यांच्या समोर खिडकीच्या गजांना धरला. त्या मान पुढे काढून बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "ती पलीकडच्या गल्लीतली पुन्हा माहेरी आलीय."

तर कापडाचं विणकाम जेवढं महत्त्वाचं, तेवढाच रंग. काळं कापड ऊन पिऊन टाकतं, ते स्वतः उजळत नाही, म्हणून नजर त्याच्यातून पलीकडे जाते. हे मला कोणी शिकवलं नाही. भिवंडीवाल्याला ते माहीत असावं असा मला आजही संशय आहे. त्याच्याकडे फक्त पांढरी मलमल होती, एवढंच.

पण सासूबाई लगेच म्हणाल्या, "काळं लावायचं नाही. रस्त्यावरच्या खिडकीला काळं? लोक विचारतील कोण गेलं म्हणून. आणि उत्तर द्यायला मीच समोर पडलेली."

त्यांचं खरं होतं. काळं नको, पण काळ्यासारखं हवं. लाल खारव्याचं जाडंभरडं कापड पाहिलं, ते फार घट्ट. विरळ फडकं निळीत बुडवलं, ते दोन उन्हांत फिकं पडलं.

आमच्याकडे मासे खातात. खाडीकडून एक कोळीण दिवसाआड येई. जन्माची फटकळ बाई, माझं तिच्याशी बरं जमे. त्या दिवशी तिच्या टोपलीवर जाळ्याचा तुकडा झाकलेला होता, गडद तांबडट तपकिरी, जुन्या गुळासारखा रंग. मी मासे सोडून तो तुकडाच उचलला आणि उन्हात डोळ्यांसमोर धरला.

"अगो बाय, मावरं बघ, जालं काय बघतंस?" ती म्हणाली. "जालं खातंस काय तू?"

"हा रंग कसला?"

"साल हाय ती. ऐनाची साल उकलवून त्यात जालं बुडवतो आमी. मग खाऱ्या पान्यात कुजत नाय."

"उन्हात उडतो का रंग?"

"उडला असता तं आमी उपाशी मेलो असतो. का? तुना कपरा रंगवाचा हाय? दे हिकरं. पन वास येल हां, मंग मना बोलाचं नाय."

मी विरळ विणीचं, पण मजबूत सुताचं कापड तिला दिलं. तिने ते जाळ्यांच्या हंड्यात दोनदा उकळवून, दोनदा वाळवून आणून दिलं. रंग असा बसला होता की घासलं तरी निघेना. वासही तसाच बसला होता. मी सात पाण्यांतून काढलं, रिठ्यात भिजवलं, तुळशीच्या कट्ट्यावर दोन दिवस वाळवलं. तरी खिडकीला लावल्यावर सासूबाईंनी नाक उचललं.

"हे कुठे रंगवलंस?"

"रंगाऱ्याकडे."

"कोणत्या रंगाऱ्याकडे बोंबील रंगवतात?"

मी पडद्याची दुमड सारखी करू लागले. त्या सोमवार करत, चतुर्थी करत. त्या दिवशी घरात मासळीचा वाससुद्धा त्यांना चालत नसे. त्यांनी पडद्याकडे बघितलं, पडद्यातून रस्त्याकडे बघितलं. रस्त्यावरून कोणीतरी छत्री उघडून चाललं होतं, छत्रीची एक काडी मोडलेली होती, तीसुद्धा दिसत होती. ऊन अंगावर येत होतं, पण मऊ होऊन.

"सोमवारी उदबत्ती जास्त लाव," त्या म्हणाल्या.

अक्षय तृतीयेच्या आदल्या दिवशी दुपारी मामंजी परीक्षेला निघाले. पगडी घालून, उपरणं घेऊन, जणू कचेरीच्या कामाला. रस्त्याच्या मधोमध उभे राहिले. मग खिडकीजवळ आले. मग गजांना नाक लावलं. आत त्यांच्यापासून हातभर अंतरावर सासूबाई उठून बसल्या होत्या आणि त्यांच्या तोंडाकडे बघत होत्या. मी खोलीत होते, मी दोघांनाही बघत होते. मामंजींना काही दिसलं नाही. त्यांनी डोळे बारीक केले, तळहाताची सावली केली, नाकपुड्या फुगवल्या. त्यांना बहुधा वास आला असावा. सासूबाईंना हसू आवरेना, पदर तोंडात घातला होता.

"भिंतच झाली," मामंजी ओटीवर येऊन ह्यांना म्हणाले. "विटांची गरज नाही."

ते एकदा जरी आत येऊन, खाटेपाशी उभं राहून, पडद्यातून बाहेर बघते तर सगळं तिथेच संपलं असतं. पण ते त्या खोलीत येत नसत.

पुढच्याच आठवड्यात सासूबाईंनी मला हाक मारली. संध्याकाळचे पाच वाजले असतील. सूर्य समोरच्या माडीआड गेला होता. त्या वेळी पडदा सगळ्यात चांगला. समोरचा सज्जा सावलीत आणि चित्रासारखा स्वच्छ.

"बघ गं, सज्ज्यात कोण बसलंय."

मालगोदामातला कारकून बसला होता, आणि त्याच्यासमोर पाठमोरा नव्हे, चांगला आमच्याकडे तोंड करून दुसरा एक माणूस. पगडी काढून गुडघ्यावर ठेवलेली. एका हातात चहाची बशी. दुसऱ्या हातातला पावाचा तुकडा तो बशीत बुडवत होता.

"असेल कोणी पाहुणा," मी म्हणाले.

"घोट घेताना पाहुण्याचाही डावा डोळा असा मिटतो?" सासूबाई म्हणाल्या. "अठ्ठावीस वर्षं मी ह्या माणसाला काढे करून दिलेत."

मामंजीच होते.

आता हे आजच्या मुलींना सांगून कळायचं नाही. आज चहा सगळीकडे झाला. तेव्हा आमच्यातल्या जुन्या घरांत चहा म्हणजे साहेबी पेय, आणि पाव म्हणजे तर धर्म बुडाला. ताडीने फुगवलेला, कोणी मळलेला कोणास ठाऊक. आधीच्याच वर्षी नात्यातल्या एका तरुणाने ठेसनावर पाव खाल्ला असं उठलं, तेव्हा त्याला प्रायश्चित्त घ्यायला लावण्यात सगळ्यात पुढे मामंजी होते. तीन महिने त्याला पंगतीत बसू दिलं नव्हतं. आणि सासूबाईंची हाडं पावसात ठणकत तेव्हा डॉक्टरने आलं घालून चहा द्यायला सांगितला होता. मामंजी उंबऱ्याबाहेरून म्हणाले होते, "ह्या घरात ते शिजणार नाही."

तर खिडकी बुजवायची होती ती यासाठी. समोरचा माणूस आमच्याकडे बघतो म्हणून नाही. आमची खिडकी समोरच्या सज्ज्याकडे बघते म्हणून. रोज चारनंतर ते देवळात जायला म्हणून निघत, गल्लीला वळसा घालून मागच्या दाराने माडीवर चढत. आधी आत खोलीत बसत असतील, गुदमरत. आता समोर भिंत झाली म्हणून वाऱ्याला सज्ज्यात आले.

मला वाटलं सासूबाई घर डोक्यावर घेतील.  रात्री मामंजी उंबऱ्यापाशी आले, "देवळात आज गर्दी होती," म्हणाले. सासूबाई म्हणाल्या, "असेल."

दुसऱ्या दिवशी मी विचारलं, "तुम्ही बोलणार नाही का?"

"बोलले तर त्यांना कळेल मला दिसतं. कळलं की विटा." मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "आणि तूही बोलायचं नाहीस. नवऱ्यालाही नाही. तुझा चेहरा बोलका आहे, जेवण वाढताना खाली बघत जा."

त्यांना वाटे मी ह्यांना सांगेन. मला वाटे त्या एखाद्या चतुर्थीला सात्त्विक संतापात बोलून जातील. आम्ही दोघी एकमेकींवर पहारा ठेवून होतो. तसं करता करता उन्हाळा गेला. रोज पाच वाजता मी माझं काम टाकून तिथे जाई. "आज दोन पाव," सासूबाई सांगत. "आज बशी सांडली. बघ बघ, धोतरावर." त्या डागाचं मामंजींनी घरी काय कारण सांगितलं? देवळात कोणीतरी तीर्थ सांडलं. सासूबाई उशीत तोंड खुपसून हसल्या. लग्नानंतर इतकं हसल्या नसतील.

पावसाळ्यात पडदा गुंडाळून ठेवला. खिडकीची दारं लावलेली असत. आश्विनात पुन्हा ऊन तापलं, तो पुन्हा लावला. मामंजी पुन्हा सज्ज्यात दिसू लागले. फरक एकच झाला होता, तो आमच्यापैकी कोणाच्या लक्षात आला नाही. दिवस लहान झाले होते.

तिन्हीसांजेला दिवा लावून थोडा वेळ दारं-खिडक्या उघड्या ठेवायच्या, लक्ष्मी यायची वेळ म्हणून, ही घराघरातली रीत. सासूबाईंच्या खोलीत खाटेच्या डोक्याशी कोनाडा होता, मी दिवा तिथे ठेवी. ह्यांनी त्या दिवाळीला काचेचा नवा दिवा आणला होता, चांगला ठसठशीत उजेड पडे. उन्हाळ्यात मामंजी दिवे लागायच्या आत घरी येत. आता ते सज्ज्यातून उठेपर्यंत दिवा लागलेला असे.

कार्तिकातली एक संध्याकाळ. मी दिवा कोनाड्यात ठेवला, नमस्कार केला. सासूबाई उठून बसल्या होत्या, नेहमीप्रमाणे पडद्याकडे तोंड करून. बाहेर धूसर झालं होतं, समोरचं आता नीट दिसत नव्हतं, म्हणून त्या आणखीच मान पुढे काढून बघत होत्या. पडद्यात आमच्या खोलीचाच उजेड सांडला होता. मला काहीतरी उलटं झाल्यासारखं वाटलं, पण काय ते कळेना.

एवढ्यात रस्त्यावर चपलांचा आवाज थांबला.

 मग मामंजींचा आवाज आला, अगदी खिडकीबाहेरून, हलका. "तू बघतेस?"

तेव्हा कळलं. उजेड ज्या बाजूला, त्या बाजूचं दिसतं. दिवसा उजेड बाहेर, म्हणून आतून बाहेरचं. दिवा लागला की उजेड आत, म्हणून बाहेरून आतलं. चैत्रात आम्ही सकाळी सडा घालून, दुपारी विरजण मागून परीक्षा घेतली होती. दिवे लागल्यावर घरातली बाई रस्त्यावर जात नाही, म्हणून त्या वेळची परीक्षा कोणी घेतलीच नव्हती. आश्विनापासून रोज संध्याकाळी सासूबाई त्या पडद्यामागे उजेडात बसलेल्या अख्ख्या रस्त्याला दिसत असणार. शेजारणीला दिसल्या असणार. एकानेही येऊन सांगितलं नाही. लोकांना फुकटची मौज मिळाली की ते ती मोडत नाहीत.

सासूबाई हलल्या नाहीत. मीच दिवा उचलायला धावले, तर त्यांनी माझा हात धरला.

"बघते," त्या पडद्याला म्हणाल्या. "वैशाखापासून बघते."

मामंजी आत आले. उंबऱ्यापाशी थांबले. मग, मी त्या घरात आल्यापासून पहिल्यांदा, त्यांनी उंबरा ओलांडला. मी कोपऱ्यात पदर ओढून उभी. ते खाटेपाशी आले, वाकून पडद्यातून बाहेर बघू लागले. बाहेर अंधार पडला होता. त्यांना काही दिसलं नसावं.

"आता काही दिसत नाही," सासूबाई म्हणाल्या. "पाच वाजता या."

"उद्या गवंडी येईल," मामंजी म्हणाले. आवाज चढवायचा त्यांचा विचार होता, तो चढला नाही.

"येऊ दे. तो विचारेल, आजी, चांगली खिडकी का बुजवता? मी सांगेन. शेजारीण विचारेल, तिलाही सांगेन. त्या पोराच्या आईलाही बोलावून सांगेन, ज्याला तुम्ही तीन महिने पंगतीबाहेर बसवलंत. मला खिडकी असली की मी बघत बसते. खिडकी नसली की मी बोलत बसते. तुम्हीच काय ते ठरवा."

मामंजींनी माझ्याकडे बघितलं. मी खाली बघितलं.

"जेवायला वाढा," ते म्हणाले आणि बाहेर गेले. गवंडी आला नाही. अंगणात आणून टाकलेल्या विटांचा मी पुढे पाटा-वरवंटा ठेवायला ओटा करून घेतला.

पण पडद्याची चूक राहिलीच होती. दुसऱ्या दिवशी मी जाड मांजरपाटाचा आणखी एक पडदा शिवला, आतल्या अंगाने. दिवा लावायच्या आधी तो सोडायचा, बाहेरचा तपकिरी तसाच ठेवायचा. लक्ष्मीच्या वेळेला खिडकी झाकायची की नाही यावर जरा विचार झाला. सासूबाई म्हणाल्या, "तिला पुढचं दार आहे."

आता याची परीक्षा दिवे लागल्यावरच घ्यायला हवी होती. सासूबाई म्हणाल्या, "जा. रस्त्यावर उभी राहा आणि बघ." मी गेले. दिवे लागल्यावर रस्त्यावर जाण्याची ती माझी पहिली वेळ. शेजारीण दारात उभी राहून बघत होती. मी परत आले.

"काही दिसत नाही."

"बोटं किती होती?"

"तेच, दिसली नाहीत."

"मी दाखवलीच नव्हती. पुन्हा जा."

मी पुन्हा गेले, पुन्हा आले. त्यांना पटेना. तू मला बरं वाटावं म्हणून सांगतेस, म्हणाल्या. मी म्हणाले, तुम्हाला बरं वाटावं म्हणून मी आजवर काही केलेलं आठवतं का? तेही त्यांना पटलं. तरी विश्वास बसेना. शेवटी त्यांनी ओटीकडे तोंड करून मोठ्याने हाक मारली, "अहो, जरा रस्त्यावर जाऊन बघता का, मी दिसते का ते?"

ओटीवर ह्यांच्यासमोर दोन पाहुणे बसले होते. मामंजी उठले. पगडी न घालताच बाहेर गेले आणि खिडकीसमोर उभे राहिले. सासूबाई आत पडद्यामागे पाचही बोटं पसरून बसल्या होत्या.

"दिसते का?"

"नाही."

"नीट बघा."

"नाही दिसत."

"थोडे मागे सरा. तिथून?"

मामंजी मागे सरले. पाहुणे ओटीच्या कडेला येऊन बघू लागले. रस्त्यावरून जाणारे दोघे थांबले. सासूबाईंनी त्यांना माडीच्या जिन्यापर्यंत मागे सरवलं, मग डावीकडे, मग उजवीकडे. प्रत्येक जागेवरून त्यांनी "नाही" म्हटलं, आणि मी सोडलेल्या जाड पडद्याआड खोलीत उभी राहून ते सगळं ऐकलं.